बहात्तर पेल्यांचे पीप

‘बीअर’ हा शब्द काढला की आपल्या मध्यमवर्गीय घरांत अजूनही बैठकीचा रंग पालटतो. कुणी घसा खाकरतो, कुणी मुलांना ‘आत जा पाहू’ म्हणतो, आणि ज्याने तो शब्द काढला त्याच्याकडे सर्वजण असे पाहतात, की जणू त्याने आताच पिशवीतून बाटली काढून मेजावर ठेवली आहे! दिवाळी अंकाची पाने चकली-करंजीच्या ताटाशेजारी उघडली जातात. तेथे हा विषय कशाला, असे कुणी विचारील. त्याला माझे उत्तर एवढेच, की हा लेख पिण्यावर नाही, एका चवीवर आहे. ती चव धान्याला मोड आणण्यातून आणि ते भाजण्यातून निघते. आणि या दोन्ही विद्या शिकण्यासाठी आपल्या आजीला कुणाकडे शिकवणी लावावी लागली नव्हती. ज्यांना पिणे वर्ज्य आहे त्यांनी ते वर्ज्यच ठेवावे. या प्रवासात माझ्याबरोबर असलेल्या आमच्या सौ.नी एक थेंबही घेतला नाही, आणि तरीही या विषयातले मर्म माझ्याआधी त्यांना सापडले. ते कसे, हे पुढे येईलच.

माझा पुतण्या इंग्लंडात लीड्सला असतो. त्याच्याकडे आम्ही दोघे दोन महिने राहिलो. त्याचे पूर्वीचे घरमालक, एक निवृत्त शाळामास्तर, आता यॉर्कशायरच्या डोंगरी भागातल्या एका लहानशा खेड्यात राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, काठी हातात, बोलणे मोजके. आम्ही आपसांत त्यांना ‘मास्तर’च म्हणत असू. इंग्रजी ‘एल’ची ओळख मला त्यांनी करून दिली, आणि तीही अगदी शाळेत धडा द्यावा तशी.

पहिला धडा असा. आपल्याकडे बीअर म्हटली की बर्फासारखी थंडगार, पिवळीधमक, फसफसणारी बाटली डोळ्यांपुढे येते. ती बहुधा ‘लागर’ जातीची असते. तिचे यीस्ट थंडाव्यात आणि सावकाश काम करते. एल ही तिच्याहून जुनी. तिचे यीस्ट सोळा ते बावीस अंश उष्णतेत जोमाने काम करते, वर फेस धरते, आणि जाताना फळांसारखा थोडा गंध मागे ठेवून जाते. एलमध्येही दोन घराणी मानता येतील. एकात ‘हॉप’ नावाच्या वेलीच्या फुलांचा कडूपणा पुढे असतो. दुसऱ्यात भाजलेल्या धान्याचा गोडवा. पहिल्या घराण्यातल्या एका एलशी तर आपले नाव कायमचे जोडले गेले आहे. कंपनी सरकारच्या काळात मुंबई-कलकत्त्याच्या साहेबांसाठी आगबोटींच्याही आधीपासून शिडाच्या जहाजांतून जी भरपूर हॉप घातलेली बीअर येई, तिलाच पुढे ‘इंडिया पेल एल’ म्हणू लागले. तिची कीर्ती जगभर झाली. पण यॉर्कशायरच्या थंडीत, शेकोटीशेजारी जी पितात ती बहुधा दुसऱ्या घराण्यातली. तिला ते ‘माल्टी’ म्हणतात.

सातूला मोड

आता हे ‘माल्ट’ म्हणजे काय? हॉर्लिक्सचा डबा उघडताना येणारा वास ज्यांना आठवतो, त्यांना अर्धे उत्तर ठाऊकच आहे. उरलेले अर्धे प्रत्येक बाळंतिणीच्या घरी ठाऊक असते. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, हलके भाजायची, दळायची, वस्त्रगाळ करायची, की झाले नाचणीचे सत्त्व. नाचणीच्या जागी सातू घ्या, आणि फडक्याच्या जागी एक भलीमोठी फरसबंद कोठी. हे इंग्रजांचे माल्ट.

मोड का आणायचे, हेही आजीला ठाऊक होते, फक्त शब्द निराळे होते. दाण्यातला पिष्टमय भाग हा कुलूप लावलेल्या कोठारासारखा असतो. दाण्याला ओल लागली, की अंकुराला पोसण्यासाठी दाणा स्वतःच त्या कुलपाची किल्ली तयार करतो. ही किल्ली म्हणजे पिष्टाचे साखरेत रूपांतर करणारी पाचक द्रव्ये. माल्टवाल्याची सारी हुशारी नेमक्या वेळी थांबण्यात असते. किल्ली तर तयार व्हावी, पण कोठार अंकुराने खाऊन टाकू नये, अशा बेताला तो दाणा भट्टीवर नेऊन सुकवतो.

जुन्या पद्धतीत भिजलेला सातू जमिनीवर वीतभराहूनही कमी जाडीच्या थरात पसरतात आणि लाकडी फावड्यांनी दिवसातून अनेकदा उलथतात, नाहीतर मुळे एकमेकांत गुंतून त्याची सतरंजी होते! हे चार-पाच दिवस चालते. बहुतेक ठिकाणी आता हे काम यंत्रांतल्या पिपांत होते. पण जमिनीवर पसरण्याची विद्या अजून अगदी गेलेली नाही. यॉर्कशायरमध्येच कॅसलफर्ड येथे फॉसेट घराणे १८०९ सालापासून माल्ट करीत आले आहे, आणि त्यांनी ही पद्धत जपली आहे.

सातूच्या वाणांचीही मोठी मौज आहे. ‘मॅरिस ऑटर’ नावाचा एक वाण केंब्रिजच्या वनस्पती-पैदास संस्थेत १९६० च्या दशकात तयार झाला. ‘मॅरिस’ हे संस्थेजवळच्या एका गल्लीचे नाव. पुढे एकरी अधिक पीक देणारे नवे वाण आले, आणि शेतकऱ्यांनी याला सोडून दिले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तो शिफारस केलेल्या वाणांच्या यादीतूनही गेला. पण जुने ब्रूअरीवाले काही केल्या ऐकेनात. ‘आम्हाला त्याच सातूची चव हवी, चार पैसे जास्त घ्या,’ म्हणाले. तेव्हा १९९० च्या दशकात काही बियाणे-व्यापाऱ्यांनी त्याचे शुद्ध बी पुन्हा तयार केले, आणि तो वाण वाचला. आपल्याकडे आंबेमोहोर तांदळासाठी हटून बसणारी घरे अजून आहेत. त्यांना हा हट्ट समजावून सांगावा लागणार नाही.

सुकवल्यावर येते भाजणे. बरेचसे माल्ट फिकटच ठेवतात. थोड्याला ओले असतानाच गरम करतात, म्हणजे दाण्याच्या आतच पिष्टाची साखर होते आणि पुढे भाजताना ती खडीसाखरेसारखी घट्ट बसते. याला ‘क्रिस्टल’ म्हणतात. आणखी थोडे कॉफीच्या बियांसारखे काळे होईतो भाजतात. त्यासाठी फिरत्या पिंपाची युक्ती डॅनियल व्हीलर नावाच्या गृहस्थाने १८१७ साली काढली. भाजताना चव कोठून येते, याचे शास्त्र लुई-कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली मांडले. धान्यातली साखर आणि प्रथिनांचे घटक उष्णतेने एकमेकांशी संयोग पावतात, आणि त्यातून तांबूस रंग व शेकडो गंध निर्माण होतात. भाकरीचा पापुद्रा, शेवयांचा तांबूसपणा, कांद्याची फोडणी, या सर्वांचे मूळ तेच.

एका ब्रूअरीत पाहुण्यांना हुंगण्यासाठी म्हणून माल्टचे चार वाडगे मांडले होते. सौ. इतका वेळ पदर सावरून जरा अंतरावरच उभ्या होत्या. त्या पुढे झाल्या. पहिल्या वाडग्याशी म्हणाल्या, ‘लाह्यांचा वास.’ दुसऱ्याशी, ‘काकवी. पण करपायच्या अलीकडे उतरवलेली.’ तिसऱ्याशी क्षणभर थांबल्या आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘अहो, ही तर थालिपिठाची भाजणी!’ चौथा काळा वाडगा त्यांनी नाकाशी नेला आणि ‘ही जास्त झाली’ म्हणून खाली ठेवला.

ब्रूअरी दाखवणारी मुलगी कुतूहलाने ऐकत होती. बाई काय म्हणतात, असे तिने विचारले. मी भाषांतर करू लागलो, पण एका शब्दापाशी अडलो. ‘खमंग’ला इंग्रजी शब्द कोणता? भाजलेले म्हणावे तर वास राहतो, सुवासिक म्हणावे तर भाजणे राहते. अखेर सौ.नीच तिला तो शब्द दोनदा म्हणायला लावला. माझ्या मते माल्टी एलविषयी याहून नेमका शब्द इंग्रजीत लिहिला गेलेला नाही.

जिवंत पीप

पुढची कृती थोडक्यात सांगतो. माल्ट भरडून पासष्ट-सहासष्ट अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवतात, म्हणजे ती किल्ली कुलपात फिरते आणि गोड पाणी तयार होते. ते गाळून हॉपबरोबर उकळतात. निववून यीस्ट घालतात. आठवडाभरात साखरेचा मद्यार्क होतो. पण सगळी साखर यीस्टला पचत नाही. जी उरते ती एलला अंग देते, पेजेला असते तसे.

येथपर्यंतचे सारे इतर बीअरलाही लागू आहे. खरा फरक पुढे पडतो. कारखान्यातली बहुतेक बीअर गाळून, तापवून, वायू भरून बंद करतात. मग ती महिनोन्महिने तशीच राहते. अस्सल इंग्रजी एल मात्र यीस्ट जिवंत असतानाच पिपात भरतात. पीप पबच्या तळघरात येते तेव्हा आत आंबणे चालूच असते. तळघर बाराएक अंशांवर ठेवलेले असते. पीप आडवे ठेवून, पाचर मारून स्थिर करतात. वरच्या बुचात मऊ, सच्छिद्र लाकडाची खुंटी ठोकतात, तिच्यातून जास्तीचा वायू फसफसत निघून जातो. तो जोर ओसरला की मऊ खुंटी काढून कठीण लाकडाची बसवतात. मग गाळ खाली बसण्याची वाट पाहायची. हे सारे किती वेळात, हे पुस्तकात मिळत नाही. मालकाच्या कानाला कळते.

गाळ लवकर बसावा म्हणून पिपात एक पदार्थ घालतात, तो माशाच्या पोटातील हवेच्या पिशवीपासून करतात. आपल्या कोळीवाड्यांत घोळ माशाच्या याच पिशवीला ‘बोत’ म्हणतात. शाकाहारी वाचकांनी हे ध्यानात ठेवलेले बरे. हल्ली काही ब्रूअरी हा पदार्थ टाळतात, आणि त्यांची एल किंचित गढूळ असते.

तळघरातून एल वर आणायची ती वायूच्या दाबाने नव्हे, तर हाताने. काउंटरवर एक उंच दांडा असतो. तो मालकीण पुढे ओढते, आणि दोन-तीन ओढींत पेला भरतो. मला तर पाहताक्षणी आपल्या खेड्यातला हापसाच आठवला! ही युक्तीही दोनशे वर्षांहून जुनी आहे. जोसेफ ब्रामा या नामांकित कारागिराने १७९७ साली तिचे पेटंट घेतले होते. यॉर्कशायरमध्ये तोटीला बारीक भोकांची टोपी लावतात, त्यामुळे वर सायीसारखा दाट फेस येतो. लंडनकडच्या लोकांना ही टोपी मुळीच खपत नाही. या एका टोपीवरून उत्तरेचे आणि दक्षिणेचे लोक जितके तावातावाने भांडतात, तितके राजकारणावरूनही भांडत नसावेत.

मॅशमची गोष्ट

‘माल्ट कळायचे असेल तर मॅशमला चला,’ असे मास्तर म्हणाले. लीड्सच्या उत्तरेला मोटारीने तासाभराच्या वाटेवर युअर नदीकाठी हे लहानसे बाजाराचे गाव आहे. गावकरी त्याला ‘मॅसम’ म्हणतात. एके काळी येथे मेंढ्यांचा मोठा बाजार भरे, त्यामुळे गावच्या मानाने चौक भलताच मोठा आहे. येथे रॉबर्ट थीकस्टन याने १८२७ साली भागीदाराबरोबर एक खाणावळ व तिची ब्रूअरी चालवायला घेतली. १८७५ साली घराण्याने नवी इमारत बांधली.

त्यांच्या सर्वांत नामांकित एलचे नाव ‘ओल्ड पेक्युलिअर’. या दुसऱ्या शब्दाचे स्पेलिंग पाहून आमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या मास्तरांनी लाल शाईची दौत उपडी केली असती. पण ते चुकलेले नाही. मध्ययुगात मॅशमच्या चर्चला स्वतःचे स्वतंत्र न्यायासन मिळाले होते. वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांच्या हुकमतीबाहेरच्या अशा परगण्याला ‘पेक्युलिअर’ म्हणत, आणि ते स्पेलिंग त्या काळचे. त्या न्यायासनाचा शिक्काच एलच्या चिठ्ठीवर छापलेला असतो.

या गावात आणखी एक नाट्य घडले. १९८० च्या दशकात थीकस्टनची ब्रूअरी घराण्याच्या हातून गेली, आणि १९८७ साली एका बड्या कंपनीकडे आली. घराण्यातलाच पॉल थीकस्टन बाहेर पडला. आपल्या नावाने धंदा करणे शक्य नव्हते. मग त्याने त्याच गावात, एका जुन्या ब्रूअरीच्या माल्टघरात १९९२ साली नवी ब्रूअरी काढली आणि तिचे नाव ठेवले ‘ब्लॅक शीप’, काळी मेंढी! मेंढ्यांच्या गावात घराबाहेर पडलेल्या माणसाने याहून योग्य नाव कोणते ठेवावे? पुढे २००३ साली थीकस्टन घराण्यातल्या चार भावांनी मूळ ब्रूअरी परत विकत घेतली. काळ्या मेंढीची कंपनी मात्र २०२३ साली आर्थिक संकटात सापडून दुसऱ्यांच्या हाती गेली. एलच्या धंद्यात दिवस कसे आहेत, हे यावरून कळावे.

चव कशी घ्यावी

मॅशमच्या चौकातल्या एका पबात मास्तरांनी माझ्यासाठी ‘हाफ’ मागवला. इंग्लंडात एल पाइंटाने मोजतात. एक पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. अर्धा आणि तृतीयांशही मिळतो, आणि चव पाहायची असेल तर तेवढाच पुरे. ‘ओल्ड पेक्युलिअर’मध्ये मद्यार्क शेकडा ५.६ असतो, म्हणजे नेहमीच्या इंग्रजी एलपेक्षा बराच जास्त. ‘तहान लागली असेल तर आधी पाणी प्या,’ मास्तरांनी बजावले. ‘तहानलेल्या माणसाला चव कळत नाही.’

मी पेला उचलला तसा त्यांनी हात धरला. आधी पाहायचे. दुरून काळी वाटणारी एल खिडकीच्या उजेडाकडे धरली, तेव्हा तिच्या कडेला डाळिंबाच्या दाण्याचा रंग दिसला. मग पेला हलकेच फिरवायचा आणि हुंगायचे. पहिल्यांदा आला तो गुळाचा वास. त्यामागून काळ्या मनुका, खारीक, पावाचा करपट कडा. मग छोटा घोट, तोंडभर फिरवून. द्राक्षमद्य चाखणारे पारखी घोट थुंकून टाकतात. एलचे पारखी तो गिळतात, कारण गिळल्यानंतर घशातून नाकाकडे जो वास परततो त्यात निम्मी चव असते. पहिल्याने गोडवा आला, पण मिठाईसारखा नव्हे. मध्ये तो खमंगपणा. आणि शेवटी हॉपचा मंद कडूपणा आला आणि त्याने गोडव्याला बांध घातला. पुरणपोळीला जायफळ घालतात ते उगीच नाही.

दहा मिनिटांनी मास्तर म्हणाले, ‘आता पुन्हा घ्या.’ हाताच्या उबेने पेला थोडा तापला होता, आणि मघाशी न आलेला सुका मेवा आता समोर आला. फार थंड केले की जीभ आणि गंध दोन्ही गोठतात. इंग्रज लोक कोमट बीअर पितात, अशी जी थट्टा होते तिच्यात तथ्य नाही. ती कोमट नसते, माठातल्या पाण्यासारखी गार असते.

वाईट एल ओळखणेही शिकावे लागते. आंबट, सिरक्यासारखा वास आला, तर पीप उघडून फार दिवस झाले. भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आला, तर हवा लागून ती जुनी झाली. पारदर्शक बाटलीतल्या बीअरला उन्हाने घाण वास येतो, कारण हॉपमधल्या द्रव्यांना प्रकाश सोसत नाही. चांगल्या पबात असा पेला निमूटपणे बदलून देतात.

या चाखण्याला शब्द आणि शिस्त देणारा माणूसही यॉर्कशायरचाच. त्याचे नाव मायकेल जॅक्सन. गाणारा तो नव्हे! हा पत्रकार. १९७७ साली त्याने जगातल्या बीअरवर मोठा ग्रंथ लिहिला, आणि बीअरचे प्रकार कसे ओळखावेत, त्यांना काय म्हणावे, हे लोकांना शिकवले. २००७ साली तो वारला.

तीन दिवसांचा हिशेब

मास्तरांच्या खेड्यात एकच पब आहे. तो चालवणाऱ्या बाई साठीच्या आतबाहेर असतील. मी आत शिरताच त्यांनी ‘काय देऊ, लव्ह?’ असे विचारले, तेव्हा सौ.नी माझ्याकडे जरा निरखून पाहिले. पुढच्याच क्षणी बाईंनी त्यांनाही ‘लव्ह’ म्हटले, मास्तरांनाही म्हटले, आणि दारात आलेल्या टपालवाल्यालाही म्हटले, तेव्हा समजूत पटली. यॉर्कशायरमध्ये ते ‘बाबा’, ‘ताई’च्या जागी वापरतात.

बाईंनी आम्हाला तळघर दाखवले. तिथे तीन पिपांची जागा होती, आणि पीप एकच होते. मी कारण विचारले. त्यांनी हिशेबच मांडला. लहान पीप नऊ गॅलनचे, म्हणजे बहात्तर पाइंटांचे. पीप एकदा उघडले की जितकी एल बाहेर जाते तितकी हवा आत येते. तीन दिवस ती उत्तम राहते. मग उतरू लागते. म्हणजे रोजचे चोवीस पेले खपले पाहिजेत. ‘पूर्वी तीन पिपे लागत. आता शनिवार सोडला तर एकही धड संपत नाही. उरलेली मी ओतून देते. शिळी एल मी कुणाला देणार नाही.’ त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, पण ओतून देण्याचा शब्द काढताना त्या पिपावर हात ठेवून उभ्या होत्या.

तेव्हा मला मास्तरांचे एक वागणे उलगडले. ते रोज संध्याकाळी सहाला, पाऊस असो की बर्फ, काठी टेकत पबात येतात, एकच पाइंट घेतात आणि सातला परत जातात. डॉक्टरने तोही कमी करायला सांगितला आहे. मी थट्टेने विचारले, ‘मास्तर, एक दिवस चुकला तर?’ ते म्हणाले, ‘मग तेविसच होतील.’

या चवीचे सारे मर्म या आकड्यात आहे. जे टिकाऊ असते ते एकट्यानेही ठेवता येते. गाळलेली, बंद केलेली बीअर कपाटात पडून राहिली तरी तिचे काही अडत नाही. जिवंत पीप मात्र एकट्याला परवडत नाही. त्याला बहात्तर पेल्यांचे शेजारी लागतात, आणि तेही तीन दिवसांत. शेजार विरळ झाला की आधी चव बिघडते. चव बिघडली की उरलेले शेजारीही येईनासे होतात. आणि मग दाराला कुलूप लागते.

हे संकट नवे नाही. १९६० च्या दशकात बड्या कंपन्यांनी पिपे बाजूला सारून वायूच्या दाबाची, बेचव पण टिकाऊ बीअर सर्वत्र आणली. त्याला कंटाळून १९७१ साली आयर्लंडच्या पश्चिम टोकाला सुटीवर गेलेल्या चार तरुणांनी एक संघटना काढली. तिचे संक्षिप्त नाव ‘कॅम्रा’. लोकांनी तिची थट्टा केली. पुढे तिचे सभासद लाखाच्या वर गेले, आणि कंपन्यांना पिपे परत आणावी लागली. २००२ साली सरकारने लहान ब्रूअरींचा कर कमी केला. मग गावोगाव, गोदामांत, गोठ्यांत नव्या ब्रूअरी निघाल्या, आणि काही शेकड्यांवरून त्यांची संख्या हजाराच्या पुढे गेली.

पण एल करणारे वाढले आणि ती जिथे प्यायची त्या जागा घटल्या. २००० साली ब्रिटनमध्ये सुमारे साठ हजार पब होते. २०२३ पर्यंत ते पंचेचाळीस हजारांच्या आसपास आले. कर वाढले, भाडी वाढली, दुकानातल्या स्वस्त डब्यांनी लोकांना घरीच बसवले. त्यात २० मार्च २०२० रोजी साथीमुळे सर्व पब बंद करण्याचा हुकूम निघाला. बाटल्या आणि डबे थांबू शकत होते, उघडलेली पिपे थांबू शकत नव्हती. लाखो पेले गटारात ओतले गेले. ‘त्या आठवड्यात गावभर माल्टचा वास होता,’ एवढेच बाई म्हणाल्या.

यावर काही गावांनी जो उपाय काढला, तो महाराष्ट्राला अनोळखी नाही. तो म्हणजे सहकार. कंब्रिया परगण्यात हेस्केट न्यूमार्केट नावाचे खेडे आहे. तेथली ब्रूअरी १९९९ साली गावकऱ्यांनी भाग काढून सहकारी केली; आणि २००३ साली शंभराहून अधिक जणांनी मिळून गावचा पबही विकत घेतला. ब्रिटनमधला तो पहिला सहकारी पब मानतात. पुढे २०११ च्या कायद्याने इंग्लंडातील गावांना एक हक्क मिळाला. गावाच्या उपयोगाची म्हणून नोंदलेली इमारत मालकाने विकायला काढली, तर गावाला पैसे उभे करण्यासाठी सहा महिन्यांची मुदत मिळते. गावाने पैसे जमवले तरी मालकाने त्यांनाच विकावी असे बंधन नाही. पण वेळ तरी मिळतो.

आम्ही परतल्यावर उन्हाळ्यात मास्तरांचे पत्र आले. इमारतीच्या मालकाने पब विकायला काढला आहे, घर करून राहणारे गिऱ्हाईकही आले आहे, आणि गावाने अर्ज करून मुदत घेतली आहे. शाळेच्या दिवाणखान्यात सभा झाली. जे कधी पबात पाऊल टाकीत नाहीत अशांनीही भाग घेतले. त्यांत चर्चमध्ये बाजा वाजवणाऱ्या एक बाई आहेत, त्या थेंबही घेत नाहीत. पण ‘मी गेले की माझ्यासाठी लोक जमणार कुठे?’ असे त्या म्हणाल्या. पत्र सौ.नी दोनदा वाचले. नंतर पुतण्याला फोन लावून, ‘त्यांच्या भागाची किंमत किती रे? एक माझ्या नावाने घे,’ असे सांगितले. मी काही बोललो नाही. ज्यांनी वास घेऊन सगळे ओळखले, त्यांना भाग घेण्यापूर्वी चव घ्या असे कोणत्या तोंडाने सांगू?

कधी त्या देशी गेलात, आणि घेत असाल, तर हाताच्या दांड्याने ओढलेली, तांबूस-काळी, माल्टी एल अर्धाच पेला मागा, आणि घाई करू नका. घेत नसाल तर नुसता वास घ्या. कुणी हसणार नाही. आणि खेड्यातला पब असेल, तर पीप कोणत्या दिवशी उघडले ते विचारा.

मास्तरांच्या शेवटच्या पत्राप्रमाणे लागणाऱ्या रकमेपैकी दोन तृतीयांश जमली आहे. बाई आता बहात्तरांऐवजी छत्तीस पाइंटांचे छोटे पीप आणतात, आणि मास्तर अजून सहाला जातात. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा त्या सहा महिन्यांची मुदत संपायला थोडेच दिवस उरलेले असतील.